वडील कानाचं यंत्र दाबत होते, चलान आलं मोबाइलचं. पुरावा कोणी द्यायचा?

रानवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझ्या नावावर एक ई-चलान आलंय. कलम १८४, वाहन चालवताना मोबाइलचा वापर, रुपये २०००. गाडी जुनी वॅगन-आर, आरसी माझ्या नावाची. पण त्या संध्याकाळी गाडी माझे वडील चालवत होते. वय ६८, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त. पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवली म्हणून त्यांचा सत्कार झाला होता, तो फोटो आमच्या हॉलमध्ये आजही आहे.

बाबांच्या उजव्या कानामागे श्रवणयंत्र आहे. कानात बसतो तो साचा जरा सैल झाला की यंत्र शिट्टी मारायला लागतं, मग दोन बोटांनी आत दाबावं लागतं. घरात जेवतानाही त्यांचा हात असा कानाकडे जातो. चौकात तेच केलं असणार.

कोणी थांबवलं नाही, विचारलं नाही. अकराव्या दिवशी रात्री मेसेज आला. लिंक उघडली तर फोटो मागून, थोडा उजवीकडून काढलेला. वेळ ६:४२, म्हणजे दिवेलागण झालेली. नंबरप्लेट स्वच्छ दिसते. मागच्या काचेतून, सीटच्या डोकेटेकणीच्या कडेने बाबांचं अर्धं डोकं आणि कानाशी गेलेला हात. लॅपटॉपवर मोठा करून पाहिला, तर हातात काय आहे ते कळतच नाही, नुसते चौकोनी ठिपके. मात्र दोन बोटं कानाच्या मागे वळलेली दिसतात. फोन धरणाऱ्याची बोटं अशी असतात का, तुम्हीच सांगा. बाबांकडे बटणांचा साधा फोन आहे, तो कायम शर्टाच्या खिशात.

बाबा म्हणतात, भरून टाक, कटकट नको. पण त्या दिवसापासून त्यांनी गाडीची किल्ली हातात घेतलेली नाही, हे मला जास्त लागलंय. म्हणून विचारतो. मोबाइल होता हे पोलिसांनी सिद्ध करायचं की नव्हता हे आम्ही? कॉल रेकॉर्ड मिळवता येतात का? गाडी माझी आणि चालक बाबा, यात जबाबदार कोण? आणि पैसे भरले तर विषय खरंच संपतो का?

पेठेतला

भाऊ, प्रामाणिक सल्ला. दोन हजार भरा किंवा लोकअदालतीची नोटीस आली की तिथे मिटवा. माझा भाजीचा टेम्पो आहे. तारखेला गेलो तर त्या दिवसाचा माल पडून राहतो, त्यात दोन हजारांच्या वर जातात. लढायचंच असेल तर आमच्या ग्रुपवर केरळ हायकोर्टाचा निकाल फिरतोय, गाडी चालवताना मोबाइलवर बोलणं हा गुन्हाच नाही असा. तो प्रिंट काढून द्या.

वकील_तालुका

आधी तो केरळचा निकाल बाजूला ठेवा, नाहीतर तुमची चांगली केस तुम्हीच बिघडवाल. निकाल खरा आहे, मे २०१८ चा आहे, पण तो केरळ पोलिस कायद्याच्या कलम ११८(ई) बद्दल होता. लोकांच्या जिवाला धोका झाल्याशिवाय नुसतं फोनवर बोलणं त्या कलमात बसत नाही, एवढंच तिथे ठरलं. त्यानंतर २०१९ मध्ये मोटार वाहन कायदाच बदलला. कलम १८४ ला जोडलेल्या स्पष्टीकरणात हातात धरायचं संपर्काचं साधन वाहन चालवताना वापरणं हे थेट धोकादायक वाहन चालवण्यात घातलं, सिग्नल तोडणं आणि उलट दिशेने येणं यांच्या पंगतीत. त्यामुळे तो प्रिंट कोणत्याही साहेबांपुढे ठेवू नका.

आता तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो तुम्ही शेवटी विचारलात. भरलं की संपतं का? पूर्ण संपत नाही. मोबाइलच्या बाबतीत कलम २०० खाली तडजोड होते, म्हणूनच कोर्टात न जाता चलान भरता येतं. कलम १८४ मधल्या बाकी गोष्टींना ही सोय नाही, फक्त मोबाइलला आहे. पण त्याच कलम २०० ला २०१९ मध्ये एक पुस्ती जोडली गेली आणि ती फार कमी लोक वाचतात. तडजोड झाली तरी पुढचा गुन्हा दुसरा धरायचा की पहिला, हे ठरवताना हा गुन्हा पूर्वी केलेलाच मानला जातो. आणि तडजोडीमुळे कलम २०६(४) ची, म्हणजे लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवण्याची कारवाई थांबत नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासूनचे दर बघा: मोबाइलसाठी दुचाकीला १०००, तुमच्यासारख्या चारचाकीला २०००, इतर वाहनांना ४०००, आणि तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर १०,०००. म्हणजे आज "कटकट नको" म्हणून भरलेले दोन हजार उद्या बाबांच्या नावावर पहिला गुन्हा म्हणून उभे राहतात. पेठेतल्या भाऊंचं गणित मला कळतं, त्यांच्या जागी ते बरोबरही आहे. पण खरंच फोनवर बोलला असाल तर भरा. बोलला नसाल तर भरू नका. आमच्याकडे येणारे निम्मे लोक भरून झाल्यावर विचारायला येतात, तेव्हा मला काहीच करता येत नाही याचं फार वाईट वाटतं.

सिद्ध करायचं कोणी? पोलिसांनी. हा फौजदारी गुन्हा आहे, मेसेजमध्ये २००० चा आकडा आला म्हणून तो वीजबिल होत नाही. चालक बाबा होते, गाडी चालू होती आणि हातात संपर्काचं साधन होतं, या तिन्ही गोष्टी त्यांनी दाखवायच्या. तिसरीवर तुमची केस उभी आहे.

फोटो कशाने काढला हे पहिलं शोधा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७अ हा नियम आला. कोणती इलेक्ट्रॉनिक साधनं चालतील याची त्यात यादी आहे: स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही, स्पीडगन, अंगावरचा कॅमेरा, डॅशकॅम, नंबरप्लेट वाचणारी यंत्रणा, वजनाचं यंत्र, आणि राज्य सरकार ठरवेल ती इतर. त्या साधनाला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. चलानासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही स्पष्ट दिसणारा फोटो हवा, तारीख, वेळ, ठिकाण हवं, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. तुमच्या फोटोत नंबरप्लेट स्पष्ट आहे, गुन्हा स्पष्ट नाही.  हवालदाराचा स्वतःचा मोबाइल त्या यादीत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिस मुख्यालयानेच खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करू नका, असं बजावलंय. खात्याने दिलेल्या ई-चलान मशिनने काढला असेल तर गोष्ट वेगळी. फोटो कोणत्या साधनाने घेतला, हे तक्रारीत सरळ विचारा.

आता प्रमाणपत्राबद्दल. याचा कायदा घडला तो आपल्या जालन्याच्या खटल्यातून. २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर घेतले की नाही, यावर वाद होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची नक्कल दाखल करायची तर जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५ब(४) चं प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ साधनच त्याच्या मालकाने साक्षीला येऊन कोर्टात ठेवलं तर मात्र प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून ६५ब च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक ज्याच्या ताब्यात नोंद आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. चौकात काढलेला फोटो अपलोड होताना बारीक होतो, तुमचे चौकोनी ठिपके बहुधा त्यातूनच आले असावेत. मूळ फाइल मागा. मूळ फाइलमध्ये बोटं अजून स्पष्ट दिसतील, आणि ते तुमच्याच फायद्याचं आहे.

मालक आणि चालक. कलम १८४ ची शिक्षा चालकाला आहे. पण कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारलं तर गाडी कोण चालवत होतं हे सांगणं मालकाला बंधनकारक आहे. तेव्हा "माझी गाडी, मी घरी होतो" एवढंच लिहून गप्प बसू नका. वडील चालवत होते आणि त्यांच्या हातात फोन नव्हता, असं पूर्ण लिहा. अर्धवट सांगितलेलं कोर्टात नेहमी आपल्यावरच उलटतं.

कॉल रेकॉर्ड. दोन हजारांच्या चलानासाठी पोलिस स्वतःहून ते काढत नाहीत, त्याला वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी लागते. तुमच्या बाजूने मात्र ते मागण्यासारखं आहे, कोर्टाकडे अर्ज करून कंपनीकडून मागवता येतात. एरवी मी पक्षकाराला सांगतो की त्यावर फार विसंबू नका. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं त्यात कॉल म्हणून येत नाही, आणि ब्लूटूथवर घेतलेला फोनही हातात घेतलेल्या फोनसारखाच दिसतो. बाबांकडे बटणांचा फोन आहे, त्यामुळे पहिली शंका उरत नाही. ६:४२ च्या आसपास कॉल नसेल तर "फोनवर बोलत होते" हे म्हणणं चांगलंच लंगडं पडतं.

आणि हेही आत्ताच सांगून ठेवतो. प्रकरण कोर्टात गेलं आणि हरलात, तर पहिल्या गुन्ह्याला दंड १००० ते ५००० आणि कायद्यात सहा महिने ते एक वर्ष कैदही लिहिलेली आहे. हे माहीत असूनच पुढे जायचं.

निवृत्त_वाहतूक

वकीलसाहेबांचं म्हणणं बरोबर, पण एक गोष्ट राहिली. फोटो पडला म्हणून केस पडत नाही. हवालदार पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर म्हणाला की मी डोळ्यांनी मोबाइल पाहिला, तर ती साक्ष हाच पुरावा आहे. मी कित्येकदा तशी साक्ष दिली आहे, आणि कोर्टाने ती मानली आहे.

पण तेव्हा आम्ही गाडी बाजूला घ्यायचो. काच खाली करायला सांगायचो. माणसाच्या हातात फोन अजून गरम असायचा, स्क्रीन चालू असायची, तोच म्हणायचा, साहेब, घरून फोन होता. लायसन्स बघायचो, नाव लिहायचो. चालक कोण, हा प्रश्नच उरायचा नाही. तुमच्या वडिलांना थांबवलं असतं, तर त्यांनी कानातलं यंत्र दाखवलं असतं आणि माझ्यासारख्याने सलाम करून सोडलं असतं. मागून फोटो काढून जाऊ देण्यात हेच हरवतं. मी हे नोकरीत असतानाही वरिष्ठांना बोललो आहे. आजच्या पोरांवर मी सगळा दोष टाकत नाही. चौकात एक माणूस, चार बाजूंची गाड्यांची रांग, थांबवली तर मागे हॉर्न सुरू.

उलटतपासणीत विचारायचं ते असं: तुम्ही गाडीपासून किती अंतरावर होतात, गाडी सिग्नलला उभी होती की चालत होती, फोनचा रंग कोणता, डावा हात की उजवा, त्या पाच मिनिटांत किती चलानं केलीत. खरं पाहिलेला माणूस पटकन सांगतो.

एक विनंती मात्र आहे. "कान खाजवत होतो" हे मी शंभर तोंडांनी ऐकलंय, आणि त्यातले बहुतेक खोटं बोलत होते. मोबाइलवर बोलत येणारा माणूस समोरच्या बाईला बघत नाही, तिच्या कडेवरच्या पोराला बघत नाही. रस्त्यावर पडलेलं मी उचललंय. म्हणून हे भांडण फक्त खऱ्या माणसानेच करावं. तुमचे वडील खरे वाटतात.

हॅरोकर

इथे लंडनमध्ये याच विषयावर मोठा खटला झाला, म्हणून लिहितो. आमच्या शेजारच्या रायस्लिपमध्ये २०१७ मध्ये एक माणूस गाडी चालवताना अपघाताचं चित्रण मोबाइलवर करत होता. पोलिसांनी पाहिलं, फोन हातात होता याबद्दल वादच नव्हता. तरी २०१९ मध्ये हायकोर्टात तो सुटला, कारण तेव्हाच्या कायद्यात फोनने संपर्क साधणं हा गुन्हा होता आणि चित्रण करणं म्हणजे संपर्क नव्हे. तसं चालवणं इतर कलमांत गुन्हा ठरू शकतं, हे कोर्टाने सांगितलंच. शेवटी सरकारने कायदाच बदलला. २५ मार्च २०२२ पासून चालवताना फोन हातात घेऊन जवळपास काहीही केलं तरी गुन्हा, सिग्नलला थांबलेले असलात तरीही. २०० पाउंड दंड आणि लायसन्सवर ६ दंडगुण. नव्या चालकाचं लायसन्स पहिल्या दोन वर्षांत ६ दंडगुणांवरच जातं.

मला तुमच्या फोटोबद्दल बोलायचं होतं. इथे मोबाइल पकडणारे जे नवे कॅमेरे आलेत ते पुढून आणि उंचावरून, काचेतून मांडीपर्यंत बघतात. संशयित फोटो आधी माणूस तपासतो, मगच नोटीस जाते. मागून काढलेल्या फोटोत हात दिसतो, पण हातात काय आहे ते दिसणं अवघडच. हा मुद्दा तुम्ही साध्या शब्दांत मांडा, त्याला कायद्याचं कलम लागत नाही.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. वाहतूककाका, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, थांबवायला पाहिजे होतं रे मला.

आज महाट्रॅफिकच्या अॅपवर तक्रार टाकली. मूळ फोटो, साधनाचं नाव, प्रमाणपत्र आणि फोटो घेणाऱ्या कर्मचाऱ्याचं पद मागितलं. यंत्राचं खरेदीचं बिल आणि कान तपासणीचा आलेख जोडलाय. वकीलसाहेब, एक भीती वाटते. बाबांना कमी ऐकू येतं हे आपणच लेखी दिलं, त्यावरून लायसन्सवर प्रश्न उठवला तर?

वकील_तालुका

भीती रास्त आहे, म्हणून तीच गोष्ट आधी बंद करून टाकू. त्यांनी लायसन्सचं नूतनीकरण केलं तेव्हा नमुना १अ चं वैद्यकीय प्रमाणपत्र दिलेलं असणार, चाळिशीनंतर ते लागतंच. त्याची प्रत जोडा. नसेल तर आता डॉक्टरांकडून यंत्र लावून तपासणी करून नवं घ्या. तक्रारीत "ऐकू येत नाही" असं न लिहिता "उजव्या कानाला श्रवणयंत्र वापरतात आणि यंत्रासह तपासणीत वाहन चालवण्यास योग्य आहेत" असं लिहा.

आणि एक करा. बाबांना त्याच सीटवर बसवा, संध्याकाळी त्याच सुमारास, गाडी घरासमोर उभी करून. मागून, थोडं उजवीकडून दोन फोटो काढा: एक यंत्र दाबताना, एक तोच बटणांचा फोन कानाला धरून. फोन आणि मूळ फाइल जपून ठेवा, कोणाला व्हॉट्सअॅपवर पाठवून बारीक करू नका. सुनावणी लागली तर तो फोन घेऊन तुम्ही स्वतः साक्षीला उभे राहा, मग तुमच्या फोटोंना वेगळ्या प्रमाणपत्राची गरज पडणार नाही.

तक्रार फेटाळली गेली तर फेटाळल्याचा मेसेज जपून ठेवा. पहिल्या गुन्ह्याला कमाल शिक्षा एक वर्षाची आहे, त्यामुळे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे घटनेपासून एक वर्षाच्या आत प्रकरण कोर्टात जायला हवं. उशीर झाला तर तो माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. समन्स आलं तर पहिल्या तारखेला बाबांना घेऊन जा. गुन्हा कबूल आहे का विचारतील, तेव्हा "नाही" एवढंच म्हणायचं. लगेच कोणी आत टाकत नाही, हेही बाबांना आधी सांगून ठेवा.

रानवाट

नमुना १अ सापडला, कपाटात एसटीच्या कागदांतच होता. उद्या जोडतो. फोटो रविवारी काढू, साडेसहाला.